आमेनच्या आधी

काचेवर काहीतरी आपटलं तेव्हा राजश्रीची प्रार्थना नेमकी आजाऱ्यांपाशी आली होती. आवाज मोठा नव्हता. ओलं फडकं कुणी फरशीवर टाकावं, तसा. पुण्यातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी तिघं एकत्र बसायची: ती, तिचा नवरा विनीत आणि अकरा वर्षांची राही. प्रार्थना राजश्रीनंच करायची असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कीर्तनकाराची मुलगी, आणि आता स्वतःही कीर्तन करणारी, म्हटल्यावर दुसरं कोण करणार. तिची प्रार्थना लांबायची. आजाऱ्यांनंतर प्रवासातले, मग एकटे राहिलेले म्हातारे, मग चर्चच्या मंडळीतली भांडणं. त्या आवाजानं तिच्या पापण्या हलल्या, पण तिनं त्या घट्ट धरल्या आणि स्वर थोडा वर नेला, कीर्तनात समोर एखादं पोर रडायला लागलं की नेते तसा. प्रभू येशूच्या नावानं मागतो, आमेन. डोळे उघडले तर राही गॅलरीकडे बघत होती, आणि ती आत्ता बघायला लागली नव्हती हे तिच्या मानेवरून कळत होतं.

"कबुतर होतं," राही म्हणाली. "काचेवर आपटलं. मग कठड्यावर बसलं. मान वाकडी झाली होती त्याची. माझ्याकडे बघत होतं. मग खाली गेलं."

"अगं मग सांगायचं नाही का," विनीत उठत म्हणाला.

"प्रार्थना चालली होती."

विनीतनं गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. वॉचमनच्या खोलीच्या पत्र्यावर ते पडलं होतं, एक पंख उघडा. आत येऊन तो हात धुवायला गेला आणि जाता जाता सहज, रागानं मुळीच नाही, म्हणाला, "म्हणजे डोळे उघडेच होते की तुझे." राहीनं मान खाली घातली. राजश्रीला जे पटकन सुचलं ते ती बोलून गेली. तिला नेहमीच पटकन सुचतं, लोक त्यासाठीच तिला बोलावतात. ती म्हणाली, "देवाच्या नजरेबाहेर एक पाखरूसुद्धा पडत नाही, बाळा." राहीनं विचारलं, "देव डोळे मिटत नाही ना?" "नाही." "मग त्यानं का नाही सांगितलं कुणाला?"

त्याला आता बरेच दिवस झाले होते. राहीनं भांडण काढलं नाही, रुसली नाही. प्रार्थनेला बसायची, फक्त डोळे उघडे ठेवून गॅलरीकडे बघत बसायची, आणि आमेन म्हणायची नाही. रविवारी चर्चमध्ये ओठ मिटून उभी राहायची. आणि राजश्रीला सगळ्यात लागलं ते हे, की घरी कीर्तनाची तालीम सुरू झाली आणि तिनं नेहमीसारखी ओळ अर्ध्यावर सोडली, तर मागून कुणी ती उचलली नाही. राही सात वर्षांची असल्यापासून आईच्या मागे झांज घेऊन उभी राहायची आणि ध्रुवपद धरायची. आई म्हणायची, "तुझ्या हातचे सारे," आणि त्या बारीक, किंचित खरखरीत आवाजात मागून यायचं, "देवा, तुझ्या हातचे सारे." त्या दिवशी मागून काहीच आलं नाही. पेटी तेवढी भाता सोडून धापा टाकत राहिली. "घसा दुखतोय," राही म्हणाली, आणि झांज तिच्या लाल पिशवीत ठेवून दिली. तेव्हापासून तिचा घसा दुखतच होता.

सुट्टीत रत्नागिरीला जाऊ, असं विनीत म्हणाला तेव्हा राजश्री हो म्हणाली ती यासाठी, हे तिनं त्याला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. तो पोस्टात काम करतो. न उघडलेली पाकिटं उघडायची नसतात हे त्याच्या अंगात मुरलंय. ईस्टर होऊन गेला होता, राहीची परीक्षा संपली होती. परत आल्यावर मंडळीच्या कौटुंबिक मेळाव्यात राजश्रीचं कीर्तन होतं, विषय सृष्टी. मेळाव्याचं सगळं बघणारी मृणाली दोनदा फोन करून विचारून चुकली होती, "राही उभी राहणार आहे ना गं? नाहीतर मी ईशाला तयार करते. तिला झांज येत नाही पण शिकेल." राजश्रीनं सांगितलं, रत्नागिरीहून कळवते. फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं की हा प्रश्न झांजेचा नाहीच. मागे उभं राहणारं माणूस एकदा निघून गेलं की ते फक्त कीर्तनातूनच निघून जातं असं थोडंच आहे.

आंबा घाट उतरताना वळणावळणाला झाडी जवळ यायची, लांब जायची, आणि राजश्रीला आप्पांची आठवण येत होती. आप्पा म्हणजे तिचे वडील, नगरकडच्या खेड्यांतून कीर्तनं करत हिंडायचे. खांद्यावर उपरणं, पायात वहाणा, बरोबर एक पेटीवाला. तिला लहानपणी सुट्टीत घेऊन जायचे. देवळाच्या नव्हे, शाळेच्या पटांगणात कंदील टांगलेला, समोर ख्रिस्ती कमी आणि बाकीचेच जास्त, बिड्या विझवून बसलेले. आणि आप्पा पूर्वरंगात साक्या म्हणत म्हणत उत्तररंगाला आले की सगळं पटांगण पुढे सरकायचं. त्यांचं गाढवीचं आख्यान फार रंगायचं. एक मोठा संदेष्टा गाढवीवर बसून निघालाय, वाटेत उपसलेली तलवार घेऊन देवदूत उभा आहे, तो गाढवीला दिसतो, संदेष्ट्याला नाही. गाढवी शेतात शिरते, कुंपणाला अंग घासते, शेवटी बसकण मारते, आणि तो तिला बडवतोय. मग देव गाढवीला वाचा देतो. आप्पा गाढवीच्या आवाजात म्हणायचे, "मालक, मी काय केलं?" आणि लोक हसून हसून आडवे व्हायचे. हसणं ओसरलं की आप्पा अगदी हळू, गाता गाता बोलायचे, की बाबांनो, आशीर्वाद देण्याचा ज्याचा धंदा, त्यालाच दिसलं नाही. आणि जिच्या पाठीवर ओझं, तिला दिसलं. ते ऐकताना अंगावर काटा यायचा. पण हेच आप्पा घरी प्रार्थनेला डोळे उघडे दिसले की बोटानं कपाळावर टिचकी मारायचे. न रागावता. म्हणायचे, "डोळे उघडे ठेवून प्रार्थना म्हणजे दार उघडं टाकून अंघोळ." टिचकीची जागा राजश्रीला अजून माहीत आहे. भुवयांच्या मध्ये, थोडी वर. तिनं राहीला कधी टिचकी मारली नव्हती, नुसतं बघितलं होतं. बघणं पुरायचं. पण बघायचं तर तिचेही डोळे उघडेच असणार ना. हे आत्ताच, घाटात, तिच्या लक्षात येत होतं, आणि गाडीत उकडत नसताना तिला उकडलं.

मालगुंडला सगुणाकाकूंकडे उतरायची सोय होती. जांभ्या दगडाचं बसकं घर, मागे माड, पुढे तुळस, ओटीवर पायपुसणं म्हणून टाकलेलं आंब्याचं रिकामं पोतं. घरधनी मुंबईला नोकरीत, मुलगाही तिकडेच, आणि काकू एकट्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "मासे खाता ना? वार बिर काही?"

"वार नाही आमच्यात," राजश्री म्हणाली. "आम्ही ख्रिस्ती."

"बरं आहे हो तुमचं. आमचा अर्धा आठवडा वारातच जातो. सोमवार झाला की गुरुवार टपलेला. बांगडे आणलेत, ताजे आहेत. आणि ही बाय एवढी गप्प का गो? गाडी लागली काय?"

"नाही," राही म्हणाली.

"मग भूक लागली असेल. बसा."

पानावर बसल्यावर राजश्रीनं सवयीनं हात जोडले. परक्या घरात प्रार्थना आटोपती घ्यायची हे विनीतनं तिला पूर्वी कितीदा सांगितलेलं, "अगं भात गार होतो, देवालाही कळतं," पण समोरची ती वाफ, खोबरेलाचा आणि कालवणातल्या त्रिफळांचा वास, बाहेर न थांबणारी समुद्राची गाज, आणि इतक्या दिवसांनी घराबाहेर आल्यामुळे छातीत सुटलेली कसलीशी गाठ, यांनी तिची प्रार्थना लांबली. या हातांसाठी, ज्यांनी रांधलं. या घरासाठी. ज्यानं समुद्रात मासे भरले आणि त्यांना वाटा दाखवल्या. काकूंची पळी भांड्याच्या काठावर थांबलेली तिला ऐकू आली, आणि त्या परक्या बाईनं आपल्या देवासाठी धरलेला तो थांबा तिला फार गोड वाटला. आमेन. डोळे उघडले तर विनीतच्या पानातला बांगडा नव्हता. दाराच्या उंबऱ्याशी एक भुरं मांजर पाठमोरं बसून, मान हलवत, जेवत होतं.

"अहो काकू," विनीत म्हणाला.

"बघितलं हो मी," काकू ओशाळून म्हणाल्या. "आलं काय, बसलं काय, उचललं काय, सगळं बघितलं. पण तुमचं देवाचं चाललेलं, मध्ये कसं बोलू?"

विनीत मोठ्यानं हसला. राहीही हसली. किती दिवसांनी, नाकातून, खांदे उडवत. राजश्री त्या हसण्याकडे भुकेल्यासारखी बघत राहिली. आणि बघता बघताच ते हसणं थांबलं. राहीचा चेहरा जागच्या जागी विझला, तिनं एकदा काकूंकडे बघितलं आणि एकदा आईकडे, आणि मग भाताकडे. राजश्रीला कळलं. काकूंना कुणी रागावलं नाही. काकू बघत होत्या, गप्प राहिल्या, आणि त्यांना विनीतनं हसून माफ केलं. दुसरा बांगडा पानात आला. तिकडे दुसरं कबुतर आलं नव्हतं. म्हणजे ही मुलगी इतके दिवस देवाशी भांडत नव्हती तर. मी आपली देवाची वकिली करत बसले, कसं समजवावं, कुठला दृष्टांत द्यावा. तिचं भांडण तिच्या स्वतःशीच होतं.

हे कळल्यावर लगेच बोलावं, जवळ घ्यावं, असं वाटून संध्याकाळपर्यंत तिनं चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा तिच्या तोंडाशी कीर्तनच आलं. सुरुवात, वळण, दृष्टांत, शेवट. तिला स्वतःच्याच जिभेची भीती वाटायला लागली. आरे-वारेच्या रस्त्यावर विनीतनं गाडी कडेला घेतली, खाली दोन किनारे, मध्ये डोंगराची नाक खुपसल्यासारखी सोंड, आणि पुढे काही नाही, नुसतं पाणी, आकाशाच्या कडेला जाऊन धूसर झालेलं. इतकं मोठं काही बघितलं की तिचे डोळे आपोआप मिटायचे. आताही मिटले. आणि डोळे मिटताच समुद्र गेला. फक्त वारा राहिला आणि मागून गेलेली एक मोटरसायकल. ती दचकली. आयुष्यभर आपण असंच करत आलो का? जे दाखवलं त्याबद्दल आभार मानायला, तेच बंद करून? डोळे उघडले तेव्हा समुद्र होता तसाच होता, त्याला काही फरक पडला नव्हता, आणि त्याचा तिला थोडा राग आला, आणि रागाचं हसूही आलं.

खाली वाळूत राही उकिडवी बसली होती. ओल्या वाळूवर, पाणी ओसरलं तिथे, बारीक बारीक कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, वाळूच्या मण्याएवढ्या गोळ्या करून टाकल्या होत्या. बिळापासून सगळीकडे ओळी गेलेल्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. शेजारी दुसरं फूल, पलीकडे तिसरं, जिथवर नजर जाईल तिथवर किनारा असा भरतकाम करून ठेवलेला. सावली पडली की कुर्ली आत, सावली हलली की बाहेर. एवढीशी, नखाएवढी, खाऊन झाली की गोळी मागे टाकायची. राजश्री खाली उतरून मुलीच्या बाजूला बसली. भरती आली की हे सगळं पुसलं जाणार, हे त्या कुर्लीला ठाऊक असेल का, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं, की ज्यानं हिला घडवलं त्याला तर ठाऊक आहे. तरी तो रोज दोनदा पाटी कोरी करून तिला देतो. कुणी बघो न बघो. इथे कोण येतं बघायला. अंधारातसुद्धा ही फुलं उमटत असतील. हे राजश्री आजवर पुस्तकी बोलत आली होती, माप घेऊन शिवलेल्या झग्यासारखं, आणि आता ते नखाएवढं होऊन समोर चालत होतं. तिनं हळूच म्हटलं, तालीम म्हणून नाही, आपसूक, "तुझ्या हातचे सारे..." आणि सवयीनं ओळ सोडली. वारा ती घेऊन गेला. राहीनं एका गोळीला बोट लावलं. गोळी फुटली. तिनं बोट पटकन मागे घेतलं आणि बोटाकडे बघत बसली.

तेवढ्यात मृणालीचा फोन. राजश्रीनं तो वाजू दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनीच सांगितलं, आज मालगुंडच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडणार आहेत, जायचं असेल तर चिंतामणीला फोन करते, तो आमच्या वाडीतला. चिंतामणी हा चाळिशीचा, हाफ पँट, डोक्याला गमछा. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून त्यात समुद्री कासवांची अंडी राखायची आणि पिल्लं बाहेर आली की सोडायची, हे तो आणि गावातली दोन-चार माणसं करत. पंधरा-वीस जण जमले होते. तो टोपली खाली ठेवत म्हणाला, "ह्या दोरीच्या मागे राहायचं सगळ्यांनी. बॅटरी लावायची नाय, हात लावायचा नाय. आपण पाण्यात नेऊन सोडत नाय. वाळूत सोडतो. चाललं पायजे त्यांनी."

"का?" राहीनं विचारलं.

"वाळू अंगात भिनते त्यांच्या, असं म्हणतात. मादी मोठी झाली की ह्याच बाजूला अंडी घालायला येते. कशी येते ते माका विचारू नको, मी वाट चुकतो गणपतीपुळ्यात."

लोक हसले. टोपली कलली. आधी काहीच नाही, ओल्या मातीच्या ढेकळांसारखं काही. मग एका ढेकळाला वल्हं फुटलं. मग सगळ्यांनाच. काळपट, तळहातात मावतील एवढी, चार वल्ही मारत, वाळूत नक्षी ओढत ती निघाली. कुणी थांबत, डोकं वर करत, जणू नाव घेऊन हाक आलीये आणि दिशा लागत नाहीये. सूर्य पाण्याला टेकला होता. पहिली लाट आली, तीन-चार पिल्लं घेऊन गेली, आणि एकाला उलटं करून पुन्हा वाळूवर टाकून गेली. त्याचं पांढरट पोट दिसलं, वल्ही हवेत.

"ते उलटं पडलं," राही म्हणाली.

"होईल सुलटं. थांब जरा."

"आणि नाही झालं तर?"

"नाय झालं तर मी आहे. पण जरा थांब."

"एवढी सगळी मोठी होतात?"

"नाय गो बाय," चिंतामणी म्हणाला. त्यानं आवाज गोड केला नाही. "थोडीच. मासे खातात, घारी खातात. फार थोडी."

"मग सोडता कशाला?"

"त्यांना जायचंय म्हणून," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या कुत्र्याला हाकलायला गेला.

राजश्री दोरीशी गुडघे टेकून बसली होती. तिचे हात आपोआप जोडले गेले होते. हे देवबापा. असे शब्द आले, आणि त्यांच्यामागून रांगेनं बाकीचे, ओळखीचे, शिकवलेले, आप्पांच्या चालीवर. लाटेचा आवाज तिला पेटीच्या भात्यासारखा वाटत होता. तिला वाटलं आपल्या गळ्यात आत्ता अख्खा उत्तररंग तयार होतोय. तिच्या पापण्या केव्हा मिटल्या तिला कळलं नाही.

"आई."

ती आत होती. सगळ्या जीवांच्या निर्माणकर्त्या.

"आई, डोळे उघड."

दंडाला वाळूचा ओला हात लागला. राजश्रीचा शब्द तुटला, मध्येच, क्रियापदाच्या आधी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिची प्रार्थना तोडली होती. तिनं डोळे उघडले. उलटं पडलेलं पिल्लू अजून तसंच होतं, फक्त आता मान ताणून वाळूत रोवत होतं, एकदा, पुन्हा एकदा, मानेवर सगळं अंग पेलत. राहीनं आईचा दंड सोडला नव्हता. बोटं घट्ट होत गेली. पिल्लू कलंडलं, परत पाठीवर आलं. मग एक लहानशी लाट आली, नुसता फेस, आणि त्या फेसाच्या धक्क्यानं का स्वतःच्या मानेनं, कशानं ते दोघींनाही सांगता आलं नसतं, ते सुलटं झालं. क्षणभर गप्प बसलं. आणि चालायला लागलं. पाण्यापाशी थांबलं नाही. पाणी आलं, आणि पिल्लू जिथे होतं तिथे नव्हतं.

बराच वेळ दोघी तिथेच बसल्या. लोक पांगले. विनीत लांब उभा राहून चपलेतली वाळू झटकत होता, एकच चप्पल, पुन्हा पुन्हा. राजश्रीला काही सुचत नव्हतं, आणि या वेळी तिला ते बरं वाटत होतं.

"मी तेव्हा बोलले असते तर," राही म्हणाली. समुद्राकडे बघत.

"कबुतराचं?"

"बाबांनी उचललं असतं. ते बराच वेळ बसलं होतं कठड्यावर. मला वाटलं तू थांबशील. तू आणखी मोठ्यानं सुरू केलंस."

"हो," राजश्री म्हणाली. "केलं." मग पुढे म्हणाली, "आवाज मलाही आला होता, राही. तू अकरा वर्षांची, मी केवढी. मला उघडता आले असते."

राहीनं मान वळवून आईकडे बघितलं.

"ते वाचलं असतं का ते मला माहीत नाही," राजश्री म्हणाली. एकेक शब्द ती अनवाणी पायानं खडीवर टाकावा तसा टाकत होती. "पण मघापासून एक वाटतंय. ते कठड्यावर होतं तेव्हा घरात सगळ्यांचे डोळे बंद होते. फक्त तुझे उघडे होते. तू म्हणालीस ना, ते तुझ्याकडे बघत होतं."

"हो."

"म्हणजे ते कुणाच्या नजरेबाहेर पडलं नाही. मी तुला तेव्हा देवाची नजर म्हणाले, आणि मला वाटलं ती कुठेतरी वर असते. ती तुझ्याकडे होती, बाळा. आमच्यापैकी कुणाकडे नव्हती."

राहीनं वाळूत बोटानं एक रेघ ओढली, पिल्लानं ओढलेल्या रेघेला नेऊन मिळवली. तिचा खालचा ओठ आत गेला होता. आप्पांची गाढवी, राजश्रीला आठवलं. मालक, मी काय केलं? तिच्या पाठीवर बसून आपण केवढं मोठं तोंड करून निघालो होतो. तिनं मुलीच्या कपाळाला, भुवयांच्या मध्ये, थोडं वर, ओठ टेकले. तिथे वाळू होती.

"कीर्तनात हे सांगशील?" राहीनं विचारलं.

"सांगू?"

"सांग. पण देवानं झेललं असं म्हणू नकोस. पडलं असं म्हण."

"पडलं असंच म्हणेन."

"आणि हे कासव सुलटं झालं ते पण सांग. पण ते पुढे मोठं झालं असं नाही सांगायचं. आपल्याला माहीत नाही."

"नाही माहीत."

"मग मी धरेन ध्रुवपद," राही म्हणाली, आणि उठून विनीतकडे पळाली, त्याला कासवाचं सांगायला, जणू तो तिथे नव्हताच.

राजश्रीनं मृणालीला फोन लावला. "राही आहे," एवढंच सांगितलं. पलीकडून मृणाली म्हणाली, "अरे वा, घसा बरा झाला का?" राजश्री म्हणाली, "घसा माझाच बिघडला होता."

रात्रीचं पान वाढलं गेलं तेव्हा मांजर उंबऱ्यावर हजर होतं, शेपूट पायांभोवती नीट गुंडाळून, मंडळीतल्या एखाद्या जुन्या सभासदासारखं. विनीतनं डावा हात पानावर आडवा धरला. राजश्रीनं हात जोडले आणि डोळे उघडे ठेवले. फार अवघड होतं ते. कुठे बघावं कळेना. भाताकडे बघितलं, विनीतच्या हातावरच्या केसांकडे, राहीच्या नाकावर सोललेल्या कातडीकडे, काकूंच्या थांबलेल्या पळीकडे, आणि जिकडे बघावं तिकडे आभार मानण्यासारखं काहीतरी निघत होतं, पण त्याला शिकलेले शब्द बसत नव्हते. "हे देवबापा," ती म्हणाली, "समुद्रासाठी. कुर्ल्यांसाठी. त्या पिल्लांसाठी. आणि त्या कबुतरासाठी..." आणि ती अडली. पुढे काय म्हणायचं असतं ते आप्पांनी तिला शिकवलं नव्हतं. वाक्य अर्धं राहिलं, पानाभोवती लोंबकळत.

"जे पडलं," राही मागून म्हणाली. मागून नव्हे, समोरूनच, पण राजश्रीच्या कानाला ते मागून आल्यासारखं वाटलं, तोच बारीक, किंचित खरखरीत आवाज. "आणि जे आम्ही बघितलं. आमेन."

"आमेन," विनीत म्हणाला, हात न काढता.

काकूंनी मांजराकडे बघितलं, मग या तिघांच्या उघड्या डोळ्यांकडे, आणि त्यांना काही कळेना. "झालं काय तुमचं?" त्यांनी विचारलं. "का अजून चाललंय? मला आपलं मध्ये बोलायला नको."

"बोला ना," राही म्हणाली. "मध्ये बोललं तर चालतं."